तूप फेसणारे यंत्र

स्टँड मिक्सर हे यंत्र अलीकडे व्यापारी कुटुंबांच्या स्वयंपाकघरांत दिसू लागले आहे. कधी ते लग्नाच्या आहेरातून येते, कधी दिवाळीच्या खरेदीत, तर कधी सूनबाईंनी बेकिंगचा वर्ग पूर्ण केल्यावर हौसेने घेतले जाते. आठ-दहा किलो वजनाचे हे धूड ओट्यावर एकदा बसले की सहसा हलत नाही. पहिले काही आठवडे घरात रोज काहीतरी भाजले जाते, मुले खूश असतात, शेजारी नमुने पोहोचतात. नंतर मात्र कित्येक घरांत त्या यंत्रावर अभ्रा चढतो आणि तो सणासुदीपर्यंत उतरत नाही.

असे होण्याचे कारण आळस हे नसते. यंत्रासोबत मिळणारी माहितीपुस्तिका ज्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेली असते, ते स्वयंपाकघर वेगळे असते. तिच्यातील पहिल्याच पानांवर अंड्याचा पांढरा भाग फेटून फेस कसा उभा करावा, स्पंज केक कसा करावा, यीस्टचा पाव किती वेळ मळावा, हे सांगितलेले असते. जैन घरात यांतील पहिले दोन प्रकार होतच नाहीत, तिसऱ्याविषयी घरोघरी मतभेद आहेत. मग एवढ्या किमतीच्या यंत्राने नेमके करायचे काय, याचे उत्तर पुस्तिकेत नाही. ते शोधायचे तर जरा मागे, बेकरीच्या भट्टीपाशी जावे लागते.

भट्टीवरची नानखटाई

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत एक प्रथा पुष्कळ वर्षे चालत आली. दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी घरातील स्त्रिया डब्यांत मैदा, रवा, बेसन, पिठीसाखर आणि तूप भरून बेकरीत नेत आणि तेथून नानखटाई व बिस्किटे भाजून आणत. बेकरीवाला मजुरी घेई, माल घरचा असे. पत्र्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून खूण करून ठेवली जाई आणि आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसून राहावे लागे. जैन घरांतील बायका या कामात अधिक दक्ष असत. तूप घरी कढवलेले, डबा स्वतःच्या हातात, आणि पीठ मळताना नजर समोर. परक्याच्या भट्टीवर आपला नेम सांभाळण्याची ती एक रीत होती.

त्या कामातील सर्वांत कष्टाचा भाग म्हणजे तूप फेसणे. रवाळ तूप परातीत घेऊन तळहाताने, एकाच दिशेने, अर्धा-अर्धा तास घोळवायचे. पिवळसर तूप हळूहळू पांढरे पडते, हलके होते, हाताला लोण्यासारखे लागते. मग त्यात पिठीसाखर, पुन्हा फेसणे, आणि शेवटी पीठ. ज्यांनी हे केले आहे त्यांच्या मनगटांना त्याची आठवण असते. फेसण्यात कसूर झाली तर नानखटाई दगडासारखी होते, हे सासूबाईंनी सुनेला सांगितलेले पहिले सूत्र असे, पण त्यामागील कारण क्वचितच सांगितले जाई.

कारण असे. तूप पांढरे पडते ते त्यात हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे अडकल्यामुळे. या बुडबुड्यांवरून प्रकाश विखुरतो आणि रंग पालटलेला दिसतो. भट्टीत गेल्यावर हेच बुडबुडे उष्णतेने प्रसरण पावतात आणि बिस्किटाला खुसखुशीतपणा देतात. सोडा किंवा बेकिंग पावडर घातली तरी त्यातून निघणारा वायू बहुतांशी आधीपासून असलेल्या बुडबुड्यांतच शिरतो आणि त्यांना मोठे करतो. नवे बुडबुडे उभे करण्याचे काम पावडरीकडून होत नाही. ते फेसणाऱ्या हाताने आधीच करून ठेवावे लागते. ज्या स्वयंपाकघरात अंडे आहे तेथे हवा धरून ठेवण्याचे काम अंडेही करते. ज्या स्वयंपाकघरात ते नाही तेथे हा सगळा भार तुपावर आणि फेसणाऱ्यावर पडतो.

स्टँड मिक्सरची खरी जागा येथे आहे. त्याच्या चपट्या पात्याने, ज्याला विक्रेते फ्लॅट बीटर म्हणतात, परातीतले अर्ध्या तासाचे काम सहा ते आठ मिनिटांत होते, आणि रोज तसेच होते. पाते स्वतःभोवती एका दिशेने फिरते आणि त्याच वेळी भांड्याभोवती उलट दिशेने प्रदक्षिणा घालते, म्हणून भांड्याचा कोणताही कोपरा सुटत नाही. ग्रहांच्या गतीशी साम्य असल्यामुळे या रचनेला प्लॅनेटरी म्हणतात. हातात धरायच्या छोट्या बीटरला हे साधत नाही, कारण तेथे फिरवणारा हात दमतो आणि घट्ट तुपात मोटार तापते.

नानखटाईचा इतिहासही येथे थोडा आठवावा. तिची कथा सुरतेशी जोडली जाते. डच व्यापाऱ्यांसाठी चालणारी तेथील बेकरी पुढे दोटीवाला या पारशी कुटुंबाकडे आली; त्या काळी पाव ताडीने आंबवत आणि बिस्किटांत अंडे पडे, म्हणून स्थानिक लोक त्यांना शिवत नसत; मग ताडी आणि अंडे दोन्ही वगळून नानखटाई घडली, असे सांगतात. कथेचा तपशील काहीही असो, गुजरातच्या व्यापारी शहरात हा पदार्थ का रुजला हे समजणे अवघड नाही. अंडे काढून टाकलेला केक ही तडजोड वाटू शकते. नानखटाईत मात्र काही काढून टाकल्याची उणीव जाणवत नाही. नव्या यंत्रावर पहिला प्रयोग तिचाच करावा.

प्रमाण साधे आहे. मैदा किंवा घरी दळून वस्त्रगाळ केलेले गव्हाचे सपीट २५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १७५ ग्रॅम, रवाळ तूप २०० ग्रॅम, वेलदोडा आणि जायफळ. साखर बारीकच हवी, कारण तुपात पाण्याचा अंश नसल्याने मोठे दाणे विरघळत नाहीत आणि दाताखाली येतात. तूप एकटेच मध्यम गतीवर तीन मिनिटे फेसावे, मग साखर घालून आणखी चार-पाच मिनिटे. मधून यंत्र थांबवून भांड्याच्या कडा खरवडाव्यात. पिठे चाळून एकत्र करावीत आणि सर्वांत मंद गतीवर घालावीत. गोळा जमू लागला की यंत्र बंद. पुढचे हातांनी करावे. १६० अंश सेल्सिअसला आधी तापवलेल्या ओटीजीत १८ ते २२ मिनिटे पुरतात. वरून तडा जातो आणि खालून फिकट बदामी रंग येतो, तेव्हा बाहेर काढावी. गरम असताना ती मऊच लागते, म्हणून अधिक भाजण्याचा मोह टाळावा.

या कृतीत एकच गोष्ट पुस्तकी आकड्यांवर सोडता येत नाही, ती म्हणजे तुपाची स्थिती. थंड देशांतील पाककृती 'खोलीच्या तापमानाचे' स्निग्ध पदार्थ घ्या असे सांगतात. त्यांची खोली २० अंशांची असते. जळगावात मे महिन्यात खोलीचे तापमान तुपाच्या वितळबिंदूपलीकडे जाते आणि डब्यात तेलच मिळते. पातळ तुपात हवा धरत नाही, कितीही वेळ पाते फिरवले तरी नाही. अशा दिवसांत तूप फ्रीजमध्ये थिजवून, भांडे आणि पातेही थंड करून घ्यावे, आणि घर्षणाने तूप ऊब धरू लागले की थोडे थांबावे. नाशिकच्या जानेवारीत याच्या उलट. तेथे तूप सकाळी दगड झालेले असते आणि पात्यावर अन्याय होतो. बोट दाबले असता खळगा पडावा पण बोटाला ओघळ येऊ नये, ही खूण थर्मामीटरपेक्षा उपयोगी आहे.

बेकिंगच्या बहुतेक पुस्तकांत तुपाऐवजी बटर असते. अनेक घरांत ते वापरलेही जाते. परंतु मध, मद्य आणि मांस यांच्याबरोबर लोण्याची गणना महाविगईत होते, आणि ताकापासून वेगळे झालेले लोणी अल्प काळातच अभक्ष्य होते असे मानणारी घरे आजही पुष्कळ आहेत. त्या घरांत कढवलेल्या तुपाला पर्याय नाही. बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यातील बराचसा भाग पाणी. तुपात पाणी जवळजवळ नसतेच. त्यामुळे बटरच्या पाककृतीत तूप घालताना वजन साधारण पाचव्या हिश्श्याने कमी करावे आणि उरलेल्या वजनाइतके दूध किंवा पाणी लागल्यास वेगळे घालावे. हे न केल्यामुळे बिस्किटे पत्र्यावर पसरून एकमेकांना चिकटतात, आणि दोष विनाकारण तुपाच्या दर्जावर जातो.

केकची गोष्ट

घरात यंत्र येते ते मात्र बहुधा केकसाठी. मुलांचे वाढदिवस हे त्याचे मोठे निमित्त. शाळेतल्या मित्राकडे केक कापला जातो आणि आपल्या मुलाने हात मागे घ्यायचा, हा प्रसंग जैन पालकांना नवा नाही. बाहेरून बिनअंड्याचा केक आणला तरी मनातील शंका पूर्ण जात नाही. जेथे दोन्ही प्रकार होतात अशा ठिकाणी तेच भांडे, तेच पाते, तोच साचा दोन्हींसाठी वापरला जात नसेल याची खात्री पाकिटावरील चिन्हावरून होत नाही. हिरवे चिन्ह घटकांविषयी बोलते. तेही एका मर्यादेपर्यंतच, कारण मधाच्या बाटलीवर हिरवेच चिन्ह असते आणि कांदा-लसणाच्या मसाल्यावरही.

सजावटीच्या सामानात तर डोळे उघडे ठेवावे लागतात. जेली आणि मार्शमॅलोमध्ये जिलेटिन असू शकते, जे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते. त्याऐवजी वापरले जाणारे चायना ग्रास समुद्री शेवाळापासून मिळते, आणि शेवाळ अनंतकायात मोडत असल्याने कित्येक घरांत तेही चालत नाही. लाल रंगातील ई१२० हा कोचिनील नावाच्या किड्यापासून काढतात. चकाकणाऱ्या गोळ्यांवरील ई९०४ म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारे शेलॅक. ई४७१ वनस्पतिजन्यही असते आणि प्राणिजन्यही; भारतीय पाकिटावरील चिन्ह पाहून त्याचा उलगडा होतो, परदेशातून आणलेल्या डब्यावर होत नाही. व्हॅनिला इसेन्सचा द्रव पुष्कळदा मद्यार्काचा असतो. वेलदोडा, केशर, जायफळ, गुलाबपाणी यांच्या घरात त्याची फारशी गरजही भासू नये.

अंडे केकमध्ये तीन-चार कामे एकदम करते. ते हवा धरते, पाणी पुरवते, स्निग्धांश आणि पाणी यांना एकत्र बांधते, आणि उष्णतेने गोठून केकला सांगाडा देते. एकटा पदार्थ ही सगळी कामे करू शकत नाही. दही आणि सोडा मिळून वायू देतात आणि ओलावा राखतात. आटवलेले दूध गोडवा आणि प्रथिने देते. दळलेले जवस पाण्यात भिजवले की चिकटपणा येतो. पण सांगाडा शेवटी मैद्यातील ग्लुटेनवरच उभा राहतो, आणि येथेच नव्या यंत्राचा धोका आहे.

मैदा ओला झाला आणि घुसळला गेला की ग्लुटेनचे धागे ताणले जातात. पोळीच्या कणकेला ते हवेच असते. केकला ते जेमतेम पुरेल इतकेच हवे. हाताने ढवळणारा माणूस दमतो आणि वेळेवर थांबतो. यंत्र दमत नाही. पीठ पडल्यावर यंत्र दोन मिनिटे चालू राहिले की केक रबरासारखा चिवट होतो, आत लांबट बोगदे पडतात आणि मधोमध खळगा होतो. अंड्याच्या केकमध्ये ही चूक थोडीफार झाकली जाते, बिनअंड्याच्या केकमध्ये नाही. म्हणून तूप आणि साखर यंत्राने मनसोक्त फेसावी, दही किंवा दूध मिसळावे, आणि पीठ घातल्यावर सर्वांत मंद गतीवर वीस-तीस सेकंदांहून अधिक वेळ देऊ नये. कोरड्या पिठाच्या उरलेल्या रेषा स्पॅच्युलाने हलकेच मिसळाव्यात. मैद्याच्या प्रत्येक वाटीमागे दोन चमचे मैदा काढून तेवढे कॉर्नफ्लोअर घातल्यास केक अधिक नरम होतो. दही आणि सोडा एकत्र आल्याबरोबर वायू निघू लागतो, तेव्हा ओटीजी आधी तापलेला हवा. भांडे तयार आणि भट्टी थंड, अशी वेळ आली की घातलेला सोडा वाया गेला असे समजावे.

दह्याच्या केकमध्ये बेसन घालण्याचा मोह मात्र होऊ देऊ नये. कच्चे दही आणि कडधान्याचे पीठ एकत्र आल्यास द्विदलाचा दोष मानला जातो, आणि केकच्या मिश्रणात ते दोन्ही भट्टीत जाण्यापूर्वीच, थंड असताना, एकत्र येतात. हल्ली हरभरे शिजवून उरलेले पाणी फेटून त्याचा अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस करण्याची युक्ती लोकप्रिय झाली आहे. तारांच्या व्हिस्कने तो फेस खरोखर उभा राहतो. पण हे पाणी कडधान्याचेच असल्याने दही असलेल्या मिश्रणात ते घालण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांचे मत घेणे बरे.

क्रीम फेटणे हे व्हिस्कचे दुसरे काम. क्रीम आणि भांडे दोन्ही गार असतील तरच ते फुलते. उभे राहिलेले क्रीम आणखी एक मिनिट फिरत राहिले तर कडेला पाणी सुटते आणि गोळे दिसू लागतात. रवीने ताक घुसळलेल्या बाईला हे ओळखू येईल: ते लोणी आहे. क्रीम तेवढ्यावरच बिघडले असे नाही, वर सांगितलेल्या नेमाचा प्रश्नही तेथेच उभा राहतो. बाजारात मिळणारे वनस्पती तुपाचे व्हिप टॉपिंग अधिक काळ उभे राहते, चवीला मात्र टाळूला चिकटणारे लागते. वाढदिवसाच्या केकवर खवा, बदामाची पूड आणि केशर यांचा थर दिला तर क्रीमवाचून फारसे अडत नाही.

कणीक, यीस्ट आणि यंत्राची निवड

यंत्राची तिसरी जोडणी म्हणजे आकडी, डो हूक. तिने पोळीची कणीक उत्तम मळली जाते. मोठ्या कुटुंबात, जेथे सकाळी दोन-तीन किलो पीठ भिजते, तेथे हा उपयोग केकपेक्षा अधिक खरा आहे. खाखऱ्याची किंवा कडक पुऱ्यांची घट्ट कणीक मात्र थोड्या-थोड्या भागांत आणि मंद गतीवरच मळावी. गिअर घासल्याचा आवाज येऊ लागला की थांबावे.

पावाचा प्रश्न सुटलेला नाही. यीस्ट ही सूक्ष्म बुरशी आहे आणि आंबवण्याची क्रिया म्हणजे तिची वाढ. म्हणून पुष्कळ श्रावक यीस्टचा पाव खात नाहीत, काही घरांत तो चालतो. सोड्यावर फुगणारा पाव हा मधला मार्ग आहे. त्याला यीस्टच्या पावाचा पोत येत नाही, आणि येतो असे सांगणाऱ्या पाककृतींवर विसंबू नये.

काळमर्यादेचा हिशेबही बेकिंगला लागू होतो. पाण्याचा अंश असलेला पदार्थ रात्र उलटली की वासी. त्यामुळे नेम कडक असलेल्या घरात केक त्याच दिवशी संपायला हवा, आणि अर्धा किलोहून मोठा केक करण्यापूर्वी खाणारे मोजावेत. श्वेतांबर परंपरेत मिठाईची मर्यादा चातुर्मासात १५, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवस अशी मोजतात. दिगंबर परंपरेत दळलेले पीठ पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसच चालते, म्हणजे बाजारातला पाकीटबंद मैदा शोधाच्या स्वयंपाकात येऊच शकत नाही. तेथे वर सांगितलेले घरचे सपीटच कामाला येते. त्याची नानखटाई रंगाने थोडी सावळी होते आणि चवीला सरस.

यंत्र निवडताना वॉटच्या आकड्याने भुलू नये. तो आकडा यंत्र किती वीज ओढते हे सांगतो, पाते किती जोराने मळते हे नव्हे. ३०० वॉटच्या आसपासची, धातूचे गिअर असलेली यंत्रे कित्येक वर्षे कणीक मळत आली आहेत. भांडे स्टीलचे आणि साडेचार-पाच लिटरचे असावे, पाते तळापासून एखाद-दुसरा मिलिमीटरच वर फिरावे, आणि दुरुस्तीची सोय आपल्याच शहरात आहे का ते आधी विचारावे. अमेरिकेतील ओहायो राज्यात होबार्ट कंपनीच्या हर्बर्ट जॉन्स्टन या अभियंत्याने हे यंत्र प्रथम बेकऱ्यांसाठी बनवले. घरगुती आवृत्ती १९१९ साली किचनएड या नावाने आली, तेव्हा तिची किंमत १८९.५० डॉलर होती आणि दुकानदार ती ठेवायला नाखूश होते. कंपनीने मग दारोदार जाऊन प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या विक्रेत्या नेमल्या, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. माल समोर चालवून दाखवल्याशिवाय विकला जात नाही, हे त्या कंपनीला लवकर कळले. आजही दुकानात यंत्र सुरू करून, आत अर्धा किलो पीठ घालून पाहण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा. रिकामे पाते सगळेच छान फिरवतात.

घरच्या घरी मागणीनुसार बिस्किटे करून विकण्याकडे अनेक श्राविका वळल्या आहेत, आणि पेढीवर हिशेब पाहणारी घरे या हिशेबात मात्र कच्ची राहतात. समजा यंत्र २०,००० रुपयांचे आहे आणि चार वर्षे चालेल. वर्षाचा घसारा ५,००० रुपये. वर्षात ५० वेळा, दर वेळी एक किलो नानखटाई झाली तर प्रत्येक किलोवर यंत्राचा बोजा १०० रुपये पडतो. वर्षात १० वेळाच झाली तर ५०० रुपये. कच्च्या मालात सर्वांत मोठा वाटा तुपाचा. जेवढे तूप कमी तेवढा नफा जास्त असे वाटते, आणि तेथूनच वनस्पती तूप शिरते. त्यापेक्षा दर वाढवून वजन आणि तूप यांच्याविषयी ग्राहकाला स्पष्ट सांगणे दीर्घकाळ टिकते. विक्री सुरू करण्यापूर्वी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घेऊन तिचा १४ अंकी क्रमांक वेष्टनावर छापणे आवश्यक आहे.

आणि करणाऱ्या बाईचा वेळ? बहुतेक घरगुती हिशेबांत त्या रकान्यात शून्य असते. दुकानातील नोकराचा पगार कोणी शून्य धरत नाही. एक किलो नानखटाईला साहित्य काढण्यापासून डबे भरेपर्यंत दोन तास जात असतील तर त्या दोन तासांचा दर ठरवून किमतीत धरावा. तो धरल्यावर धंदा तोट्यात दिसत असेल, तर तो आधीपासूनच तोट्यात होता आणि तोटा ती सोसत होती.

जयणेच्या दृष्टीने यंत्राची स्वच्छता हातच्या भांड्यांहून अधिक काळजीची आहे. डोक्याच्या खालच्या बाजूला, जेथे पाते अडकवले जाते, तेथे तूप आणि पिठाचा लेप बसतो आणि वरून दिसत नाही. तेथे मुंगी लागते. प्रत्येक वापरानंतर प्लग काढून तो भाग कोमट ओल्या फडक्याने पुसावा आणि कोरडा करावा. भांडे व पाती त्याच दिवशी, उजेड असताना धुवावीत. चातुर्मासात यंत्र सुरू करण्यापूर्वी पात्याची खाच आणि वरचे झाकण पाहून घ्यावे. मैदा, रवा आणि बेसन प्रत्येक वेळी चाळावे, कालच चाळले असले तरी.

चोविहार पाळणाऱ्या घरात वाढदिवसाचे वेळापत्रक उलट्या क्रमाने मांडावे लागते. पुण्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मुलांनी केक खाऊन पाणी पिऊन व्हायचे, तर केक पाचला कापला गेला पाहिजे. सजावटीला पाऊण तास. त्याआधी केक पूर्ण गार व्हायला किमान दोन तास, कारण कोमट केकवर खव्याचा थर घसरतो. भाजायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे, मिश्रणाला अर्धा तास. म्हणजे तूप भांड्यात दुपारी एकच्या आत पडायला हवे, आणि थंडीच्या दिवसांत ते सकाळीच फ्रीजबाहेर किंवा कोठीतून काढून ओट्यावर ठेवलेले असावे. जूनमध्ये हाच वाढदिवस आला तर तासाभराहून अधिक सवड मिळते, पण तेव्हा तूप पातळ असते.